पहाटे पाचला उठणं जमत नाही, मग देवाच्या जवळ कसं जायचं?

विश्रांतवाडीच्या एका मुलीने विचारलंय. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "मावशी, मी 33 वर्षांची. नोकरी हिंजवडीत. दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली आहे. रविवारी उपासनेत बसले की डोळे भरून येतात, देव अगदी शेजारी बसलाय असं वाटतं. सोमवारी बसमध्ये चढले की तो आठवतही नाही. सगळे सांगतात, पहाटे पाचला उठून एकांत साध. तीनदा सुरू केलं, तीनदा मोडलं. माझी श्रद्धाच कमी आहे का? रोजच्या या धबडग्यात देवाच्या जवळ जायचं तरी कसं?"

अगं, श्रद्धेचं माहीत नाही, झोप मात्र नक्की कमी आहे. थट्टा करत नाहीये, त्यावर शेवटी येते. आधी पहाटे पाचचा निकाल लावू, कारण तेच तुझ्या छातीवर बसलंय.

मी 31 वर्षं नर्स होते. निवृत्त झाल्यापासून महिला मंडळात आणि घरोघरच्या प्रार्थनांत बायकांबरोबर बसते, त्यांचं ऐकते, जमेल तशी सोबत करते. पहाटे पाचला मी बहुतेक वेळा कुणाचं तरी टेंपरेचर घेत असायचे नाहीतर सलाइन बदलत असायचे. त्या वेळी कुणी 'पहाटेचा एकांत' म्हटलं असतं तर मी हसले असते. पहाटेची प्रार्थना चांगलीच, ज्याला जमते त्याने जरूर करावी. प्रभू येशू स्वतः अंधार असतानाच उठून रानात गेला, हे बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण हे वचन ऐकवणारे पुढची ओळ वाचत नाहीत. शिष्य त्याला शोधत मागोमाग आलेच, सगळे लोक तुम्हाला शोधताहेत म्हणाले, आणि तो उठून पुढच्या गावांना निघाला. दुसऱ्या एका वेळी होडीत बसून निवांत जागी गेला, तर लोक पायी चालत आधीच तिथे हजर. त्याला त्यांचा कळवळा आला असं मत्तय लिहितो. एकांत मोडल्याची चिडचिड त्याने कुणावर काढल्याचं कुठे लिहिलेलं नाही. दीड वर्षाचं पोर साडेपाचला रडून उठतं, तेव्हा तुझा एकांत मोडतो खरा. पण असा मोडलेला एकांत त्याच्याही ओळखीचा आहे.

आणि मला एक खोडसाळ शंका नेहमी येते. पहाटेच्या एकांतावर बोलणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी, ते डोळे मिटून बसलेले असताना, चहा दुसरंच कोणीतरी टाकत असतं.

आपल्याकडे म्हण आहे ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपल्या आज्या-पणज्यांना प्रार्थनेसाठी वेगळी खोली नव्हती, वेगळा तास नव्हता. पहाटे दळायला बसायच्या, खुंटा हातात आला की तोंडातून ओवी यायची. माहेर, लेक, सासुरवास, विठोबा, सगळं त्या एका घरघरीत. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विचार कर, लाखभर ओव्या, आणि त्यातली एकही बाई 'आज ओवी म्हणायला वेळ काढायचाय' असं ठरवून बसली नसेल. दळण तर दळायचंच होतं. जनाबाईच्या जात्याशी विठोबा येऊन दळू लागतो ही कथा मराठी मनात एवढी मुरली आहे ती काही उगीच नाही. आपले कवी ना. वा. टिळक हे ओळखून होते. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे गीतं रचली ती ओवी-अभंगाच्या वळणाची, कारण ती चाल आधीच लोकांच्या हातात आणि श्वासात होती.

तेव्हा तुला माझा पहिला प्रश्न: तुझं जातं कोणतं? असं काय आहे, जे श्रद्धा असो-नसो, मन लागो-न लागो, तुला दिवसातून दहादा करावंच लागतं?

माझं जातं होतं हात धुणं. वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात धुवायचे. साबण-पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. आमच्या एक सीनियर सिस्टर होत्या, त्यांनी मला घाई करताना पकडलं आणि म्हणाल्या, "प्रभूची प्रार्थना येते ना? सावकाश म्हण. आमेन होईपर्यंत नळ बंद करायचा नाही." त्यांना बहुधा फक्त जंतूंची काळजी होती. मी मात्र त्या दिवसापासून बेसिनपाशी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणू लागले.

पहिले दोन महिने निम्म्या वेळा विसरायचे. आठवलं तरी पाठांतरासारखं. कधी कधी 'तुझे राज्य येवो' म्हणताना मनात चालू असायचं, बेड नंबर चारचं इंजेक्शन राहिलं. पण हळूहळू असं झालं की मी विसरले तरी हात विसरेनात. पाणी हातावर पडलं की ओठ हलायला लागायचे. मग एकेक ओळ एकेका पेशंटला चिकटायला लागली. नाकातल्या नळीतून दूध घालून आले की 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ नुसती ओळ राहायची नाही. वॉर्डात कुणी गेलं, मागचं सगळं आवरून हात धुवायला आले की 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणायला जड जायचं, आणि ते जड जाणं हीच त्या दिवसाची प्रार्थना असायची.

पॅरिसमध्ये 17 व्या शतकात एक लॉरेन्स नावाचा मठवासी होता. आधी शिपाईगडी, पाय अधू झालेला, मठात त्याला स्वयंपाकघरात टाकलं. स्वयंपाकाची त्याला मुळीच आवड नव्हती. कित्येक वर्षं तिथेच काढली आणि भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायची सवय लावून घेतली. मला तो आवडतो, कारण काम आवडायला लागलं असा आव त्याने आणला नाही.

पण हात धुण्याची गोष्ट मी सांगितली ती पुढच्या प्रकरणासाठी. ते सांगायला मला अजूनही संकोच वाटतो.

वॉर्डात एक आया होत्या, माझ्याहून वयाने मोठ्या. एका सकाळी डॉक्टरांचा राउंड चालू असताना त्यांच्या हातून ड्रेसिंगचा ट्रे पडला. निर्जंतुक केलेलं सगळं सामान फरशीवर. मी सगळ्या पेशंटांसमोर त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कामाबद्दल बोलले असते तर एक वेळ ठीक होतं. मी त्यांच्या राहणीवर, त्यांच्या वस्तीवर गेले. त्या काही बोलल्या नाहीत, खाली बसून एकेक चिमटा गोळा केला. दुपारी मी बेसिनपाशी उभी राहिले, साबण लावला, प्रार्थना सुरू केली आणि 'आमची ऋणे आम्हाला सोड' इथे घसा अडला. ती ओळ गाळून पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही गाळली. आठवडाभर मी प्रभूची प्रार्थना एक ओळ वगळून म्हणत होते, आणि बघणाऱ्याला वाटत असेल, काय भक्तिमान नर्स आहे!

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ती गोष्ट संडे स्कूलपासून पाठ: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्या दिवशी ते कुणी वाचलंही नव्हतं. मला आपोआप आठवलं, आणि रागच आला. आत्ताच कशाला आठवायचं? भाकर न घेताच उठले आणि बस धरली. ताडीवाला रोडच्या वस्तीत घर शोधायला तासभर गेला. बाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझं चुकलं." पुढे बोलायचं बरंच ठरवून गेले होते, त्यातलं काही आठवेना. त्या म्हणाल्या, "बसा." चहा टाकला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी बसनं आलात होय?" आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या. माफ केलं असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, नंतरही कधी नाही. निघताना पावशेरभर लसूण कागदात बांधून दिला.

परत येताना मला कसलंही दिव्य वाटलं नाही. पाय दुखत होते, जेवण चुकलं होतं. सोमवारी बेसिनपाशी मात्र ती ओळ निघाली.

तेव्हापासून कुणी मला 'देव दूर वाटतो' म्हटलं की मी प्रार्थनेच्या वेळा विचारायच्या आधी दुसरंच विचारते: घरात कोणाशी बोलणं बंद आहे? जावेशी? नवऱ्याशी? वाटणीवरून भावाशी? दहातल्या निम्म्या वेळी तिथेच काहीतरी अडकलेलं सापडतं. तुझ्या पत्रात नवऱ्याचा एका शब्दाने उल्लेख नाही, हे माझ्या लक्षात आलंय. असेलच काही असं म्हणत नाही, पण बघ. एक मात्र स्पष्ट सांगते. जिला घरात मारहाण होते तिला हे वचन दाखवून परत पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते पाप आहे असं माझं मत आहे. तिथे आधी सुरक्षित जागा, मग पोलीस. समेटाचं वचन प्रभूने चुकलेल्याला उठवण्यासाठी दिलं, मार खाणाऱ्याला बसवण्यासाठी दिलेलं नाही.

आता तुझं रविवारचं रडू आणि सोमवारचा कोरडेपणा. रविवारी पेटी वाजते, दोनशे माणसं एका सुरात गातात, कुणीतरी मुलांना सांभाळतं, तासभर तुला कुणी हाक मारत नाही. एवढ्या विसाव्यात डोळे भरून येणारच, आणि ती देवाची देणगीच समज. फक्त तेवढंच देवाचं जवळ असणं धरलंस तर उरलेले सहा दिवस तू त्याला गैरहजर मांडशील. याकोब दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपला होता, उठल्यावर म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी होता आणि मला ते कळलं नव्हतं. कळलं नाही म्हणून नव्हता, असं काही झालं नाही.

बसचं थोडक्यात सांगते. विश्रांतवाडी ते हिंजवडी म्हणजे रोजचा चांगला मोठा प्रवास. त्यात शास्त्र वाचायचा हट्ट धरू नकोस, मळमळेल. रस्त्यातली एक खूण ठरव, समज औंधचा पूल. तो आला की एक वाक्य. नहेम्या राजासमोर उभा होता, राजाने विचारलं काय हवंय, आणि उत्तर द्यायच्या आधी त्या एका श्वासात त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली, असं लिहिलंय. तेवढीच. 'प्रभू, आजची मीटिंग', एवढं म्हटलंस तरी त्याला पुरतं. बाकीचा वेळ खिडकीला डोकं टेकून झोप. आणि ऑफिसात दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेऊ नकोस, आपली चूक ज्युनियरवर ढकलू नकोस. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असं पौलाने लिहिलं, ते आधी गुलामांना उद्देशून. म्हणजे ज्यांचं काम त्यांच्या आवडीचं असायचा प्रश्नच नव्हता, त्यांना.

सासूबाईंचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मला वाटतं तुझी खरी शाळा तिथे आहे.

चर्चमध्ये तुला सांगतील, रुग्णाची सेवा म्हणजे ख्रिस्ताची सेवा, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला, वगैरे. खरंच आहे ते. पण सकाळी दहाला ताजंतवानं असताना ते खरं वाटतं. रात्री तीनला चौथ्यांदा चादर बदलताना मला कधीही, एकदाही, पेशंटमध्ये येशू दिसलेला नाही. दिसली ती ओली चादर. ती बदलली. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात गंमत बघ, ज्यांनी सेवा केली तेच विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी आजारी पाहिलं? त्यांनाही दिसला नव्हता. त्यामुळे न दिसल्याचं दुःख करू नकोस. चिडचिड झाली तर झाली म्हण. सासू आजारी पडली म्हणजे तिचा स्वभाव बदलतो असं थोडंच आहे! काहींचा तर आणखी बिघडतो.

मार्था आणि मरीयेची गोष्ट तुला डाचत असेल, सगळ्याच राबणाऱ्या बायकांना डाचते. मरीया पायाशी बसून ऐकते, मार्था कामाने गांजते आणि प्रभूचं बोलणं खाते. पण लोक लूकमध्ये थांबतात, योहानापर्यंत जात नाहीत. भाऊ लाजार मेल्यावर गावाबाहेर येऊन प्रभूला गाठते ती मार्था. आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असं तोंडावर सुनावते ती मार्था. आणि जगात येणारा देवाचा पुत्र ख्रिस्त तो तूच, हा केवढा मोठा विश्वास बोलून दाखवते तीही मार्थाच. पुढच्या अध्यायात पुन्हा मेजवानी आहे आणि तिथे लिहिलंय, मार्था वाढत होती. तिची सेवा सुटली नाही. कुरकुर नोंदलेली नाही, एवढाच फरक. मला वाटतं, प्रभूला तोंडावर बोलता आलं म्हणून ती मोकळी झाली. तूही बोल. 'मला कंटाळा आलाय, मला हे नकोय' हे स्तोत्रकर्त्याच्या भाषेत बसतं. 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं म्हणणारी स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत.

आणि एक युक्ती सांगते, कितीतरी घरांत उपयोगी पडलेली. सासूबाईंना काम दे. झटका आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त खातं ते हे, की आता आपला कुणाला उपयोग नाही. तुझ्याकडे प्रार्थनेला वेळ नाही, त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. एका कागदावर मोठ्या अक्षरात नावं लिही: नातवंडं, तुझं ऑफिस, शेजारच्या आजारी काकू, मंडळीतलं कुणी. कागद त्यांच्या उजव्या बाजूला भिंतीवर चिकटव, म्हणजे सहज दिसेल. निघताना सांग, "आई, आज दुपारी तीनला माझी मीटिंग आहे, तेवढी तुमच्याकडे." संध्याकाळी आल्यावर काय झालं ते सांगायला विसरू नकोस. एका घरात याच उपायाने सहा महिने न बोललेल्या सासू-सुना बोलायला लागल्या. आधी फक्त प्रार्थनेच्या विषयांवर, मग भाजीवरही.

संध्याकाळसाठी, म्हणजे झोपायच्या आधी पाच मिनिटांसाठी, माझ्याकडे वॉर्डातलीच गोष्ट आहे. ड्यूटी संपली की आम्ही चार्ज द्यायचो. बेड नंबर एकपासून सुरुवात: कुणाला काय दिलं, काय राहिलं, कुणाकडे रात्री लक्ष ठेवायचं. चूक झाली असली तर तीही सांगायची, लपवली तर पेशंटच्या जिवावर बेतते. मग रिपोर्ट बुकावर सही आणि घरी. रात्रीची प्रार्थना मी तशीच करते. दिवस सकाळपासून बेड-बेड करत बघायचा. कुठे देवाने हात दिला होता, त्याचे आभार. कुठे माझं चुकलं, ते नाव घेऊन. काय राहिलंय, ते सांगून टाकायचं. 16 व्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या जेजुइट बांधवांना दिवसाचं असंच परीक्षण शिकवलं, त्याची शिस्तशीर पद्धत आहे. मला ती नंतर कळली. कळल्यावर वाटलं, ते वॉर्डात नक्की चांगले सिस्टर-इन-चार्ज झाले असते.

चार्ज देण्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे दिल्यावर निघून जाणं. नवीन नर्सेस दारापर्यंत जाऊन परत यायच्या, "त्या सातच्या पेशंटचं बघाल ना?" आम्ही हाकलायचो. 121 व्या स्तोत्रात आहे, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोप घेत नाही. रात्रपाळी त्याची आहे. तू सही कर आणि झोप.

वाचनाबद्दल फार सांगत नाही. ग्रुपवर सकाळी येणारं फुलांच्या चित्रावरचं वचन म्हणजे शास्त्रवाचन नव्हे. मार्कचं शुभवर्तमान घे, 16 च अध्याय आहेत. रोज आठ-दहा ओव्या, म्हणजे वचनं, मोठ्याने, सासूबाईंच्या खाटेशी बसून. त्यांचंही होईल, तुझंही, आणि थोरला कान देऊन ऐकेल ते वेगळंच.

आता झोपेकडे येते. एलिया रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. दूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी. खाल्लं, झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं, कारण वाट तुला फार आहे म्हणाला. देव मंद वाणीत त्याच्याशी बोलतो तो प्रसंग येतो यानंतर. दीड वर्षाचं मूल, नोकरी आणि आजारी माणूस हे सगळं अंगावर असलेल्या बाईला प्रार्थनेत शून्य वाटतं, तेव्हा मी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगते. आठवड्यांमागून आठवडे मन उदास, कशातच रस नाही, रडू आवरत नाही असं असेल तर डॉक्टरकडे जायचं. त्याने विश्वास उणा पडत नाही. आणि नवऱ्याला सांग, शनिवारी दोन तास दोन्ही मुलं त्याच्याकडे. 'मला एकांत हवाय' म्हणून सांगायला लाजू नकोस. देवाच्या जवळ जायला कधी कधी कुणीतरी मूल धरावं लागतं, इतकी साधी अडचण असते.

सगळं तपासून, सगळं करूनही कोरडं राहू शकतं. हे गेले त्यानंतरची दोन वर्षं मी प्रार्थना केली ती नुसत्या तोंडाने. 88 वं स्तोत्र वाचायचे, ते अंधार या शब्दावर संपतं, पुढे काही उजेड-बिजेड नाही. तेवढंच खरं वाटायचं. त्या काळात मला ज्याने तारलं ते माझी श्रद्धा मुळीच नव्हे. गुरुवारच्या प्रार्थनेला बायका घरी यायच्या, मी नको म्हटलं तरी. त्या गायच्या, मी बसायचे. 'आमच्या स्वर्गातील पित्या' असं अनेकवचन आहे त्यात, ते मला तेव्हा उमगलं. माझ्या वाट्याचं त्या म्हणत होत्या.

वर्षातून एकदा शक्य झालं तर दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन ये, मुक्ती मिशनला. लोक तिथल्या 1905 च्या संजीवनाबद्दल, म्हणजे श्रद्धेच्या जागृतीबद्दल बोलतात, प्रार्थनेत ढसाढसा रडणाऱ्या मुलींबद्दल. मला त्या मुलींची दुपार आठवते. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातून आणलेल्या पोरी. दळायच्या, विणायच्या, शेतात राबायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या ते या शेकडो मुलींचं जेवणखाण, आजारपण सांभाळताना. 1922 मध्ये त्या गेल्या. पूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं 1924 साली. एकेका ओळीचे खिळे जुळवणाऱ्या हातांना काम करताना काय वाटत असेल, कुणी लिहून ठेवलं नाही.

तू आत्ता एवढंच कर: हे सगळं एकदम सुरू करू नकोस. या महिन्यात फक्त हात धुणं, आणि सासूबाईंचा कागद. महिन्याने मला कळव, कितीदा विसरलीस तेही कळव. गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना असते, मुलांना घेऊन ये, गोंधळ घातला तरी चालतो.

आणि हो, सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवतेस ना? उताण्या झोपलेल्या असतील तेव्हा पोटऱ्यांखाली उशी घाल, म्हणजे टाचा गादीला लागणार नाहीत. बसवताना डावा हात धरून ओढू नकोस, खांदा निखळतो. काखेत हात घालूनही उचलू नकोस, पाठीमागून खांद्याच्या फऱ्याखाली आधार दे. टाच लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर थांबू नकोस, त्याच दिवशी मला फोन कर.